राहून गेलेला ‘तेव्हा’



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी या गोदाकाठच्या गावात जमतो, त्यांचं नाव मागच्या फलकावर नाही. पहिल्यांदाच आलेल्या मंडळींना हे चमत्कारिक वाटलं असेल. पण ती त्यांचीच अट होती. उभा जन्म त्यांनी मुद्रितं तपासण्यात घालवला. कादंबऱ्या, नाटकं, पंचांगं, शाळेची प्रगतिपुस्तकं, लग्नपत्रिका असं काय वाटेल ते त्यांच्या नजरेखालून गेलं, आणि एकावरही त्यांचं नाव आलं नाही. ‘जिवंतपणी नाही छापलं, आता मेल्यावर कशाला?’ असं ते म्हणत. आपण सगळे त्यांना सर म्हणायचो. मीही आज तेवढंच म्हणणार आहे.

माझी पहिली कथा छापायला गेली तेव्हाची गोष्ट. मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो आणि आई दार उघडते, असा प्रसंग होता. मी लिहिलं होतं, ‘आलास!’ सरांनी त्या उद्गारचिन्हाभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढून मला बोलावून घेतलं.

‘ही बाई ओरडली का?’

‘नाही सर, तिला आनंद झालाय.’

‘मग आनंद कुठाय? मला नुसता दांडका दिसतोय आणि त्याच्या पायाशी टिंब.’

मी म्हटलं, ‘मग पूर्णविराम देऊ?’ ते म्हणाले, ‘देऊन बघ. पण मग ती त्याची वाट बघत होती की नव्हती, ते तुला आधी ठरवावं लागेल.’ मी घरी जाऊन रात्रभर त्या एका शब्दाशी झटत बसलो. ‘आलास.’ म्हटलं की आई थकलेली वाटे. ‘आलास?’ म्हटलं की तिचा डोळ्यांवर विश्वास नाही, किंवा तिला तो नकोच होता. ‘आलास...’ म्हटलं की ती एखाद्या सिनेमातली आई होई. अक्षरं तीच, बाई मात्र दर वेळी निराळी.

आजच्या विषयाचं बीज ते. विरामचिन्हांनी अर्थ बदलतो हे शाळेत सगळ्यांना शिकवलेलं असतं. फाशीच्या कैद्याचं आणि जागा चुकलेल्या स्वल्पविरामाचं ते उदाहरण मी आज देणार नाही. ते ऐकून ऐकून कैदीसुद्धा कंटाळला असेल. शिवाय त्या उदाहरणानं एक गैरसमज पसरतो. चिन्ह म्हणजे वाहतुकीचा शिपाई, चुकला तर अपघात, एवढंच पोरांच्या डोक्यात राहतं. आईच्या ‘आलास’मध्ये अपघात कुठलाच नव्हता. चारही वाक्यं व्याकरणानं बरोबर होती. प्रश्न होता तो सुराचा.

हा सूर मराठीत आधी कुठे राहत होता, तिथून सुरुवात करू. कारण चिन्हं आपल्याकडे फार उशिरा आली.

मोडीतलं एखादं जुनं पत्र डोळ्यांपुढे आणा. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं. शब्द तुटत नाहीत, वाक्य तुटत नाही, हात उचलत नाही. बोरू शाईत बुडवायला थांबावं लागे तेवढाच काय तो विराम. आजचा वाचक त्यापुढे बसला की त्याचा जीव गुदमरतो. पण ते लिहिणाऱ्या कारकुनाचा गुदमरत नव्हता, कारण कुठे थांबायचं हे त्याला शब्दच सांगत होते. ‘विनंती विशेष’ आलं की नमस्कारचमत्कार संपून कामाला सुरुवात झाली. ‘ऐसियास’ आलं की झालेलं सांगून झालं, आता त्यावरचं म्हणणं येणार. ‘बहुत काय लिहिणे’ आलं की पत्र आटोपत आलं. आणि हे शब्द नुसते थांबे नव्हते. धाकट्यानं थोरल्याला लिहिताना जी अखेर येई ती थोरल्यानं धाकट्याला लिहिताना येत नसे. ‘लोभ असावा ही विनंती’ आणि ‘जाणिजे’ या दोन्ही जागी आज आपण एकच टिंब देऊन मोकळे होतो. पहिल्यात मान खाली आहे, दुसऱ्यात बोट वर आहे. तेव्हा पूर्णविरामालाही पायरी होती.

राजपत्रांचं तर विचारूच नका. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर मुख्य मुद्रा माथ्यावर असे आणि मजकूर संपला की शेवटी आणखी एक छोटी मुद्रा उमटे, ‘मर्यादेयं विराजते’. इथे मर्यादा झाली, यापुढे कोणी एक अक्षर घुसडू नये, असा तिचा हेतू. पुढच्या काळातल्या कागदांवर ‘लेखनसीमा’ अशी मुद्रा दिसते, ‘मोर्तब सुद’ दिसतं. आपण आज एखाद्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं म्हणतो, त्यातला शिक्का माथ्यावरचा आणि मोर्तब पायथ्याचं. म्हणजे आपल्या भाषेतला सर्वांत जरबेचा पूर्णविराम शाईनं लिहिलेला नव्हता, ठोकलेला होता.

पण मोर्तब शेवट बंद करी. मधल्या मजकुराला कुलूप कोण लावणार? या गावाला हे वेगळं सांगायला नको. इथून दोन कोसांवर आनंदवल्ली आहे. राघोबादादांचा तिथला मुक्काम, आनंदीबाईंचं नाव आणि ‘ध चा मा’ या गोष्टी लोकांच्या तोंडी कायमच्या बसलेल्या आहेत. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला; ‘धरावे’चं ‘मारावे’ बाईंनी केलं ही आख्यायिका. ती खरी धरण्याजोगा पुरावा नाही, हे इतिहासकारांनी पुष्कळदा सांगून झालंय, आणि लोकांनी तितक्याच वेळा ते कानाआड केलंय. मला त्या आख्यायिकेत वेगळीच गोष्ट दिसते. आपल्या समाजाला लिखित मजकुराची जी भीती वाटली ती एका अक्षराची वाटली. इंग्रजीत अशा गोष्टी स्वल्पविरामावर रचल्या जातात. आपल्याकडे स्वल्पविरामच नव्हता, मग दोष बिचाऱ्या ‘ध’वर आला.

बालबोधीत दंड होता, हे खरं. श्लोकाला एक उभी रेघ, दोन उभ्या रेघा, ओवीला आकडा. पण तो पोथीचा मामला. पद्याचा चरण संपला एवढंच तो सांगे, म्हणणाऱ्याचा कंठ दाटून आला की नाही ते सांगत नसे. आणि गंमत बघा, हीच उभी रेघ वाण्याच्या वहीत गेली की पैसा होई. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘५॥’ म्हणजे साडेपाच रुपये. देवघरात जो विश्राम, तोच दुकानात आठ आणे.

आता बोलीकडे या. ‘ये’ हे एक क्रियापद घ्या. ‘ये हं’ म्हणजे प्रेमानं सांगितलं. ‘ये ना’ म्हणजे आर्जव. ‘ये की’ म्हणजे एवढा काय भाव खातोस. ‘ये बरं’ म्हणजे लहान मुलाला, किंवा मोठ्याला लहान करून. ‘ये बाई’ म्हणजे पुष्कळदा हात टेकलेले असतात. ‘येच’ म्हणजे बघतोच कसा येत नाहीस ते. या ‘हं’ला, ‘ना’ला, ‘की’ला शब्दकोशात जागा मिळते, पण त्यांचं खरं काम विरामचिन्हाचं आहे. फरक इतकाच की ती कानाला ऐकू येतात. कीर्तनकार, पोवाडेवाला, दुपारी ओसरीवर बसून गोष्ट सांगणारी आजी, सगळ्यांचं यावर चाललेलं होतं. शाहिराची ‘जी जी’ आठवा. ती झीलकऱ्यांनी ओढली की शाहिराला दम घ्यायला सवड मिळते आणि ऐकणाऱ्याला अंगावर काटा यायला.

अशा भाषेत एक इंग्रज लष्करी अधिकारी टिंबं घेऊन आला.

मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या कामातला त्याचा साथी, १८४७ सालच्या इंग्रजी–मराठी कोशाचा कर्ता, पुण्यातल्या पाठशाळेचा प्रमुख, आणि सरकारी भाषांतरांची व शाळेच्या पुस्तकांची मराठी तपासणारा माणूस. १८५० साली त्याची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ निघाली. त्याच्या आधी चौदा वर्षं दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलेलं होतं. वाक्य कशाचं बनतं हे दादोबांनी सांगितलं, ते कागदावर कुठे मोडायचं हे कँडीनं. कँडीसाहेबांच्या मराठीला लोकांनी पुढे पुष्कळ नावं ठेवली. साहेबी वळणाची, इस्त्री केलेली मराठी म्हणून तिची टर उडाली. मला त्या टवाळीत फारसं सामील व्हावंसं वाटत नाही. परक्या माणसानं आपल्या भाषेचा श्वास कान लावून ऐकला आणि तो कुठे तुटतो याच्या खुणा केल्या, हे काम लहान नव्हे. फक्त त्या खुणा त्याच्या घरच्या होत्या.

एक निवड तर आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे. हिंदीनं वाक्याच्या शेवटी उभा दंड ठेवला, बंगालीनं ठेवला. मराठी गद्यानं मात्र दंड पोथीत ठेवून दिला आणि इंग्रजीचं टिंब उचललं. हिंदीचं पान बघितलं की प्रत्येक वाक्याच्या टोकाला एकेक दाराचा खांब उभा दिसतो. आपल्या पानावर वाळूचे कण. सरांना हे टिंब आवडे. ‘दिसत नाही म्हणून चांगलं,’ म्हणायचे.

पण खरी उलथापालथ केली ती प्रश्नचिन्हानं, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर शब्दांची अदलाबदल करावी लागते. आपल्याकडे ‘तू उद्या नाशिकला येतोस’ हे विधान आणि ‘तू उद्या नाशिकला येतोस’ हा प्रश्न, दोन्ही एकाच क्रमानं उभे. बोलताना आवाज चढतो म्हणून भागतं. लिहिताना आवाज कुठून आणणार? म्हणून चिन्ह नव्हतं तोवर लिहिणाऱ्याला शेवटी ‘का’ लावावाच लागे, नाहीतर ‘काय’, नाहीतर ‘की नाही’. चिन्ह आलं आणि ‘का’ काढून टाकता येऊ लागला. ‘तू येतोस का?’ हा साधा प्रश्न. ‘तू येतोस?’ हा प्रश्न साधा राहत नाही. त्यात आश्चर्य शिरतं, संशय शिरतो, कधी फार जवळीक शिरते. दारात उभ्या नवऱ्याला बायकोनं ‘जाताय का?’ म्हटलं तर तिला माहिती हवी आहे. ‘जाताय?’ म्हटलं तर तिला माहिती आहेच. बोलण्यात हा सूर कायमचाच होता. कागदावर तो उतरला कँडीच्या त्या वाकड्या आकड्यामुळे. आपल्या कथा-कादंबऱ्यांतले निम्मे संसार या गळालेल्या ‘का’वर उभे आहेत असं मला वाटतं. माझी अतिशयोक्ती तुम्ही चालवून घ्याल.

आणि कोणी ‘काय’ही ठेवला, चिन्हही ठेवलं, तर? जुलै १८९७. पुण्यात प्लेग, रँडचा खून होऊन गेलेला, सरकारनं शहराला वेठीला धरलेलं. ‘केसरी’त टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा होता, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ शब्दानं विचारलेला प्रश्न, वर चिन्हानं पुन्हा विचारलेला. इतकं रीतसर विचारलं की तो प्रश्न उरतच नाही. उत्तर देण्याची सोय त्यात ठेवलेलीच नाही. चिन्ह काढून वाचा, राग तेवढाच राहतो, पण तो वाक्याच्या आतच कोंडतो. चिन्हासकट वाचा, तो थेट सरकारच्या तोंडासमोर जाऊन उभा राहतो.

सूर कोर्टात पुरावा म्हणून कसा जातो, हे या नाशिकनं पाहिलेलं आहे. १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली ती कविता छापल्याबद्दल. कवी गोविंदांच्या कविता, अभिनव भारताच्या माळेतल्या. वरवर पाहिलं तर त्यांत पुराणातले आणि इतिहासातले दाखले. सरकारी भाषांतरकारानं शब्दांचं इंग्रजी केलं, आणि न्यायमूर्तींनी निकाल दिला तो शब्दांमागच्या चालीवर. शिक्षा भोगायला अंदमान. शब्दांचा आवाज कागदावर उतरतो की नाही, यावर आपण साहित्यिक लोक परिसंवाद करतो. परक्या सरकारला त्याबद्दल कधी शंका नव्हती.

त्या काळच्या देशभक्तीच्या कवितेत उद्गारचिन्हांचं रान माजलेलं दिसतं, आणि गडकऱ्यांच्या नाटकांतल्या भाषणांत तर त्यांच्या पलटणी उभ्या असतात. आज ते भडक वाटतं. पण पेट्रोमॅक्सच्या उजेडात, ध्वनिक्षेपकाशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा होता, हे विसरू नये. ती नटासाठी लिहिलेली चिन्हं होती. पुढे ती सवयीनं कथेत शिरली, पत्रात शिरली, वधूवरांच्या माहितीपत्रकात शिरली. सर म्हणत, ‘जिथं माणसाला धक्का बसत नाही तिथं कंपॉझिटरला का बसवता?’

खिळे जुळवणाऱ्याला एकेक चिन्ह हातानं उचलावं लागे, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. मराठीच्या केसमध्ये काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं मिळून शेकड्यांनी घरं. त्यात चिन्हांची घरं कोपऱ्यात. उद्गारचिन्हं संपली की जुळारी दुसऱ्या फर्म्यातून उसनी आणी. मी स्वतः एका छापखान्यात लेखकाच्या तीन उद्गारचिन्हांची दोन झालेली पाहिलीत, कारण तेवढीच शिल्लक होती. लेखकाला कळलं नाही. वाचकाचंही काही बिघडलं नाही.

याउलट, एकच उद्गारचिन्ह आणि तेही नेमक्या जागी कसं असावं, ते तेंडुलकरांच्या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाच्या नावात पाहा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे.’ चिन्ह ‘शांतता’ला आहे, म्हणजे शांततेलाच ओरडायला लावलंय. पुढचं वाक्य मात्र थंड, सरकारी. नाटकभर जे चालतं ते या नावातच घडून गेलेलं आहे. गंमत म्हणून सुरू झालेला खोटा खटला, आणि त्यात गप्प केली जाणारी नायिका बेणारे. तिला स्वतःच्या बचावाचं बोलायला कोर्ट जेमतेम काही सेकंद देतं आणि नाटककार तिला लांबलचक स्वगत देतो. तेंडुलकरांचे संवाद छापील पानावर पाहिले की अर्धी वाक्यं, टिंबं, मध्येच तोडलेले शब्द. लोकांनी त्याला ‘तेंडुलकरी टिंबं’ म्हणून हिणवलंही. पण ती भावविवश टिंबं नव्हेत. माणसं वाक्य पुरं करत नाहीत, कारण पुरं केलं तर पकडली जातील, अशी ती टिंबं आहेत. त्यांच्या नंतरच्या नक्कलकारांनी टिंबं घेतली आणि भीती घ्यायचं विसरले.

आता मला ज्याच्यासाठी आज इथे बोलावंसं वाटलं त्या गोष्टीकडे येतो.

१९६२ साली वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आलं. कानेटकर आपल्याच गावचे म्हणायचे. एचपीटी महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. १९६३ साली बाबुराव बागुलांचा पहिला कथासंग्रह आला, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. बागुलांचा जन्म इथल्या विहितगावचा आणि अखेरही नाशिकमध्येच. दोघांची जगं किती लांबची! एकाचा रायगड, एकाची दलित वस्ती. एकाचं नाटक राजघराण्यातल्या बापलेकांचं, एकाची कथा जात लपवून भाड्याची खोली मिळवणाऱ्या माणसाची. वर्षभराच्या अंतरानं आलेली ही दोन नावं शेजारी ठेवून बघा.

दोन्हीत ‘जेव्हा’ आहे. दोन्हीत ‘तेव्हा’ नाही.

मराठीत ‘जेव्हा’ म्हटलं की ‘तेव्हा’ हवा, ही जोडी शाळेत पाठ करून घेतात. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. या दोन्ही नावांत हाक मारली आहे आणि ओ आलेली नाही. जाग येते तेव्हा काय होतं? जात चोरली होती तेव्हा काय झालं? उत्तरासाठी पडदा उघडावा लागतो, पान उलटावं लागतं. दुसऱ्या कोणा लेखकानं इथे हमखास तीन टिंबं दिली असती, ‘आता पुढे ऐका’ म्हणणारी. त्या वर्षांतल्या कितीतरी नावांना ती लोंबकळताना दिसतात. या दोघांनी ती दिली नाहीत. राहून गेलेला ‘तेव्हा’ तीन टिंबांपेक्षा जास्त लांब आहे, हे त्यांच्या कानाला कळलं होतं. मी मघापासून सांगतोय ती गोष्टही हीच. ‘का’ गळला तिथे चिन्ह आलं. ‘तेव्हा’ गळला तिथे काहीच आलं नाही, आणि वाचक त्या रिकाम्या जागेत पाय टाकून पुढे गेला.

बागुलांच्या नावाबद्दल मात्र एक भांडण शिल्लक आहे. ते कुठे उद्गारचिन्हासह छापलेलं सापडतं, कुठे त्याशिवाय. सरांचं आणि माझं यावर दोनदा वाजलं. सर उद्गारचिन्हाचे वैरी, पण इथे ते म्हणत की हवं. ‘अरे, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलतोय.’ माझं म्हणणं उलटं. ‘चोरली होती’ हा काळ बघा. ‘चोरली’ नाही, ‘चोरली होती’. म्हणजे मागे वळून, शांतपणे, साक्ष दिल्यासारखं. चोरी कोणाची आणि चोर कोण, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं आहे. त्या ‘होती’पुढे चिन्ह उभं केलं की साक्षीदाराचा वक्ता होतो. सर मान हलवत. ‘तू पोटभर जेवून साक्ष देतोयस,’ असं एकदा म्हणाले. त्यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

त्याच १९६३ सालची आणखी एक आठवण सांगून पुढे जातो. नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’. पांडुरंग सांगवीकर नावाच्या मुलाचं ते सांगणं, आणि त्यात जागोजागी ‘वगैरे’. मराठीत ‘वगैरे’ हा यादी संपवायचा शब्द, कारकुनी. नेमाड्यांनी तो भावनेपाशी आणून ठेवला. दुःख वगैरे, प्रेम वगैरे. इंग्रजीत टिंबांनी किंवा आडव्या रेघेनं जे केलं असतं, ते आपल्या दप्तरातल्या एका फारसी-अरबी शब्दानं केलं. कँडीच्या आधीची मराठी जे करत आली तेच हे. सूर पुन्हा शब्दात परत आणला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षं महाराष्ट्रातली निम्मी पोरं तसंच बोलत होती, आम्हीही त्यांतलेच, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

लघुअनियतकालिकांच्या काळातल्या अनेक कवींनी तर चिन्हं झाडूनच टाकली. ओळ तुटली तो विराम. तिथे वाचकाला पुन्हा मोडी वाचावी तसं वाचावं लागतं, श्वास स्वतःचा घालून. मला त्यातल्या सगळ्याच कविता मानवतात असं नाही. काहींनी चिन्हं काढली, काहींनी नुसती लिहायची राहू दिली. दोन्हींतला फरक दुसऱ्या वाचनात कळतो.

अवतरणचिन्हांवर एकच वाक्य, वेळ होत आलाय. वर्तमानपत्रात एखाद्या ‘समाजसेवका’ला एकेरी अवतरणात उभं केलं की त्याला वेगळी शिवी द्यावी लागत नाही.

शेवटी या खिशातल्या यंत्राबद्दल. माझी नात पुण्याला असते. तिनं संदेश पाठवला, रविवारी येत नाही, परीक्षा आहे. मी उत्तर दिलं, ‘ठीक.’ दहा मिनिटांत फोन. ‘आजोबा, रागावलात?’ मी म्हटलं, नाही गं. ‘मग टिंब का दिलंत?’ तिच्या पिढीत संदेश पाठवला की वाक्य आपोआप संपतं. वर पूर्णविराम दिला म्हणजे दार ओढून घेतलं. ज्या टिंबाचं सरांना ‘दिसत नाही म्हणून चांगलं’ असं कौतुक होतं, ते आता एवढं मोठं दिसू लागलंय. एका परीनं ते मोर्तब झालंय पुन्हा. यापुढे कोणी एक अक्षर घुसडू नये.

आणि टिंब सोडल्यावर ही पोरं काय करतात? ‘ठीके हं’ लिहितात. ‘ये ना’ लिहितात. ‘नाहीीीी’ असं वेलांटी ओढून ओढून लिहितात. जुने लेखक यासाठी अवग्रह वापरत, ‘नाहीऽऽ’ असा. संस्कृतात गळालेल्या ‘अ’ची जागा दाखवणारं ते चिन्ह आपण हेल काढायला लावलं. पोरांना फोनवर ते सापडत नाही, म्हणून त्यांनी वेलांटीलाच कामाला जुंपलं. नातीचे संदेश मी मोठ्यानं वाचतो तेव्हा मला त्यांत माझ्या आजीचा आवाज ऐकू येतो. हे मी तिला सांगितलं. तिनं उत्तरादाखल एक हसणारं तोंड पाठवलं, ते चिन्ह कुठल्या व्याकरणात बसवायचं ते मला अजून समजलेलं नाही.

सर गेले त्या वर्षी ते काम करत तो छापखाना बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती. केस भंगारात गेल्या होत्या, पण त्यांनी चिन्हांच्या घरांतले खिळे पुड्या बांधून घरी आणून ठेवले होते. त्यांच्या मुलानं त्या मला दिल्या. रात्री मी त्या टेबलावर उघडल्या. पूर्णविरामांचे माथे झिजून सपाट झालेले. स्वल्पविरामांच्या शेपट्या गेलेल्या. उद्गारचिन्हं, सरांनी एवढी छाटूनसुद्धा, वाकलेली, चेपलेली, काळीकुट्ट. प्रश्नचिन्हं बरी होती. चौथ्या पुडीत अर्धविराम निघाले. चिपळूणकरांच्या निबंधमालेनंतर मराठीनं त्यांना फारसं विचारलेलं नाही. मूठभर होते, आणि कालच ओतल्यासारखे चकचकीत.

पुडीवर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘वापरणे’. पुढे चिन्ह कुठलंच नव्हतं. ती आज्ञा होती, विनंती होती की आपलं स्वतःसाठी केलेलं टिपण, ते ठरवता येईना. मी आजच्या या व्याख्यानात त्यांतला एक घातलाय. तुम्हाला ऐकू आला नसेल. छापील प्रतीत बघा.